मायकेल कॉलिन्स नेमका कोणता? विकिडेटा तालिकाकाराच्या टेबलावर

एकाच नावाची चार-पाच माणसं ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, एकमेकांत मिसळली की ती सोडवायला आज फुकटात मिळणारं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे विकिडेटा हा इंटरनेटवरचा खुला माहितीसाठा. मात्र ते वापरायची रीत ठाऊक हवी. नाव टाकलं, पहिला निकाल उचलला आणि पुढे गेलं, असं केलं तर आधीचा गोंधळ परवडला. कारण आता चुकीच्या माणसाला एक पक्का क्रमांक चिकटतो आणि पुढे बघणाऱ्याला तो तपासून लावलेला वाटतो. मुंबईतल्या सार्वजनिक, महाविद्यालयीन आणि वृत्तपत्रांच्या ग्रंथालयांत तालिकीकरणाला बहुतेकदा एकच माणूस असतो, तोही देवघेव सांभाळून. अशा ठिकाणी हे साधन घ्यावं का आणि घेतलं तर कुठे जपून वापरावं, ते इथे एका आयरिश नावावर पारखून पाहिलं आहे.

नाव आहे मायकेल कॉलिन्स. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातला नेता मायकेल कॉलिन्स १६ ऑक्टोबर १८९० रोजी कॉर्क काउंटीत क्लोनाकिल्टीजवळ जन्मला आणि २२ ऑगस्ट १९२२ रोजी त्याच काउंटीत दबा धरून बसलेल्यांच्या गोळीने गेला. ६ डिसेंबर १९२१ च्या ब्रिटनबरोबरच्या करारावर त्याची सही आहे. दुसरा मायकेल कॉलिन्स म्हणजे अपोलो ११ चा अंतराळवीर, नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले तेव्हा वर कक्षेत यान सांभाळणारा. तो ३१ ऑक्टोबर १९३० रोजी रोममध्ये जन्मला आणि २८ एप्रिल २०२१ रोजी वारला. तिसरा कादंबरीकार, १९६४ साली लिमरिकमध्ये जन्मलेला, २००० साली बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आलेला आणि लांब पल्ल्याचा धावपटूही. चौथा फुटबॉलपटू, १९८६ साली इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सला जन्मलेला, हडर्सफील्ड टाउनकडून खेळलेला आणि २०१८ साली काही महिने ब्रॅडफर्ड सिटीचा व्यवस्थापक राहिलेला. त्याशिवाय आयर्लंडच्या संसदेत याच नावाचे आणखी दोघे: एक पूर्वी लिमरिक वेस्टमधून निवडून आलेले फियाना फॉल पक्षाचे, दुसरे २०१६ पासून कॉर्क साउथ-वेस्टचे. आणि एक मायकेल कॉलिन्स असा, की जो त्या नावाचा माणूसच नाही. त्याच्याकडे पुढे येऊ.

ही यादी मुद्दाम निवडली आहे. यात साधनाची खरी परीक्षा होते. व्यवसाय 'राजकारणी' आणि ठिकाण 'कॉर्क' एवढ्यावर शोधलं तर १९२२ साली मेलेला नेता आणि आजचा खासदार दोघेही येतात. 'लिमरिक' म्हटलं तर कादंबरीकार आणि लिमरिक वेस्टचे माजी खासदार. व्यवसाय पुरत नाही, गाव पुरत नाही. आपल्याकडे पहिलं नाव आणि आडनाव यांच्या मध्ये वडिलांचं नाव येतं, त्यामुळे निम्मा गुंता आपोआप सुटतो. आयरिश नावांना ती सोय नाही, आणि निवडक आडनावांशी जोडून पॅट्रिक, मायकेल, जॉन, जेम्स ही नावं पिढ्यान् पिढ्या फिरत राहिली आहेत.

मुंबईत हा प्रश्न कुठे येतो तेही सांगायला हवं. फोर्टातल्या आणि दादरच्या जुन्या ग्रंथालयांत आयरिश स्वातंत्र्यलढ्यावरची इंग्रजी पुस्तकं बरीच सापडतात, कारण इथल्या राजकारणात त्या लढ्याकडे डोळे लागलेले होते. वृत्तपत्रांच्या कात्रणसंग्रहात मायकेल कॉलिन्स येतो तो दुसरा: अपोलो ११ चे तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईतही आले होते. रहस्यकथांच्या कपाटात आणखी वेगळाच. तिन्ही जागच्या नोंदी एका सॉफ्टवेअरमध्ये आल्या आणि प्रत्येकीत नुसतं 'कॉलिन्स, मायकेल' असलं, की वाचकाने नाव दाबल्यावर आयरिश क्रांती, चंद्र आणि खूनखटले एका यादीत उभे राहतात.

आता साधन. विकिडेटा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाला, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाचाच हा प्रकल्प आहे आणि त्यात आज १० कोटींहून अधिक घटकांची, म्हणजे माणसं, गावं, पुस्तकं अशांची, पानं आहेत. प्रत्येक घटकाला 'क्यू'ने सुरू होणारा क्रमांक असतो, प्रत्येक गुणधर्माला 'पी'ने सुरू होणारा. माहिती सीसी-झिरो परवान्याखाली आहे, म्हणजे ती उचलून आपल्या तालिकेत घालायला परवानगी लागत नाही, श्रेय देण्याची अटही नाही. वर्गणी नाही, नोंदणीची सक्ती नाही. छोट्या ग्रंथालयाला या बाबी निर्णायक ठरतात.

मायकेल कॉलिन्सच्या पानावर गेल्यावर आधी काय बघायचं याचा क्रम पक्का ठेवावा. सर्वांत वर नावाखाली एक ओळीचं वर्णन असतं. ते वाचून भुलू नये. वर्णनं बरीचशी यंत्रांनी भरलेली असतात आणि 'आयरिश राजकारणी' एवढंच म्हणतात. तिथून थेट पी ५६९ म्हणजे जन्मतारीख आणि पी ५७० म्हणजे मृत्यूची तारीख यांवर जावं. मग खाली ओळखक्रमांकांच्या भागात पी २४४, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नाम-क्रमांक. पी २१४, व्हीआयएएफ या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या एकत्रित नामसूचीचा. आणि पी २१३, आयएसएनआय हा नावांचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक. तारीख आणि या तिघांपैकी किमान एक क्रमांक जुळला तरच माणूस पक्का धरावा. व्यवसाय, जन्मस्थळ, छायाचित्र हे सगळं नंतरचं. छायाचित्रावर तर मुळीच विसंबू नये, चुकीच्या माणसाचा फोटो लागणं ही समान नावांतली नेहमीची चूक आहे.

तारखांचाही एक सापळा आहे आणि तो ठाऊक नसलेल्यांकडून हमखास चूक होते. ज्या व्यक्तीचं फक्त जन्मवर्ष माहीत आहे, तिच्या पानावर नुसतं '१९६४' असं दिसतं. पण तीच माहिती प्रश्न टाकून तक्त्यात उतरवली की ती १ जानेवारी १९६४ अशी उतरते, कारण प्रश्न ज्या साठ्यावर चालतात तिथे वर्षाची तारीख अशीच लिहिलेली असते आणि 'हे फक्त वर्ष आहे' ही खूण वेगळ्या रकान्यात असते. हा तक्ता जसाच्या तसा तालिकेत चढवला तर अर्धी मंडळी नववर्षदिनी जन्मलेली दिसतात. उपाय सोपा: तालिकेसाठी फक्त वर्ष घ्यायचं, दिवस-महिना टाकून द्यायचा. नामशीर्षकाला 'कॉलिन्स, मायकेल, १८९०-१९२२' एवढंच लागतं.

वर्षच वादग्रस्त असेल तर? जेम्स स्टीफन्स हे दुसरं आयरिश उदाहरण घ्या. एक जेम्स स्टीफन्स १८२५ ते १९०१ हयात होता, १८५८ साली डब्लिनमध्ये आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुडची स्थापना करणाऱ्यांतला प्रमुख. दुसरा कवी-कथाकार, १९५० साली वारलेला, आणि त्याचं जन्मवर्ष १८८० की १८८२ यावर एकमत नाही. तो स्वतः १८८२ म्हणत असे. अशा वेळी एकाच पानावर दोन तारखा ठेवता येतात, प्रत्येकीला स्वतःचा संदर्भ देता येतो आणि एकीला अग्रक्रम देता येतो. चांगली सोय आहे. फक्त तक्ता काढताना अग्रक्रमाचं मूल्यच येतं, म्हणून आपल्या हातातल्या पुस्तकावर दुसरं वर्ष छापलेलं असेल तर माणूस वेगळा आहे असं समजून नवी नोंद करायची नाही.

आता तो माणूस, जो या नावाचा नाही. अमेरिकन लेखक डेनिस लिंड्स, १९२४ ते २००५, मायकेल कॉलिन्स या टोपणनावाने रहस्यकथा लिहीत असे. त्याचा गुप्तहेर डॅन फॉर्च्युन एका हाताचा आहे आणि या मालिकेतल्या १९६७ च्या पहिल्या कादंबरीला पुढच्याच वर्षी पदार्पणासाठीचं एडगर पारितोषिक मिळालं. विल्यम आर्डेन, मार्क सॅडलर, जॉन क्रो ही त्याचीच आणखी टोपणनावं. जुन्या पेपरबॅकच्या कव्हरावर मात्र फक्त 'मायकेल कॉलिन्स'. इथे विकिडेटा अर्धवट मदत करतो. पान एकच, ते खऱ्या नावाने, आणि टोपणनावं पी ७४२ या गुणधर्मात मजकूर म्हणून लिहिलेली. साध्या शोधचौकटीत पर्यायी नाव म्हणून ते लागलं तर सापडतं, पण आडनाव 'कॉलिन्स' अशी अट घालून शोधलं तर लिंड्स कधीच येत नाही, कारण त्याचं आडनाव लिंड्स आहे.

मराठी तालिकाकाराला हे दुखणं ओळखीचं आहे. वि. वा. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिली, नाटकं स्वतःच्या नावाने. राम गणेश गडकरी नाटककार, कवी म्हणून गोविंदाग्रज. आपल्याकडे अनेक ग्रंथालयं दोन्ही नावांखाली नोंदी ठेवून 'हेही पाहा' असा दुवा देतात, आणि वाचकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण वाचक कपाटापाशी जे नाव घेऊन येतो त्या नावाखाली त्याला पुस्तक मिळायला हवं. म्हणून लिंड्सच्या बाबतीत विकिडेटाची एक-माणूस-एक-पान ही पद्धत आपल्या तालिकेत उतरवू नये. शीर्षक कव्हरावरच्या नावाचं ठेवावं, खऱ्या नावाच्या नोंदीशी मार्क या तालिकानोंदींच्या संगणकीय नमुन्यातल्या ५०० क्षेत्रातून 'हेही पाहा' म्हणून जोडावं, आणि क्यू-क्रमांक दोन्हीकडे तोच लावावा. मायकेल कॉलिन्स नावाचे जे खरे आहेत त्यांच्या नोंदीत टोपणनाववाला चुकूनही ४०० क्षेत्रात 'पाहा' म्हणून घालायचा नाही. ४०० मधलं नाव त्याच माणसाचं दुसरं रूप असतं.

सगळे एका झटक्यात बघायचे असतील तर क्वेरी बिल्डर हे पान वापरावं. स्पार्क्ल ही प्रश्नभाषा येत नसली तरी चालतं. पहिली अट: 'प्रकार' पी ३१, मूल्य 'मानव' क्यू ५. दुसरी: पहिलं नाव पी ७३५, मूल्य 'मायकेल'. तिसरी: आडनाव पी ७३४, मूल्य 'कॉलिन्स'. मूल्य निवडताना खाली उघडणाऱ्या यादीत कॉलिन्स नावाची गावं, चंद्रावरचं विवरसुद्धा येतं (ते अंतराळवीराच्याच नावाचं आहे), त्यातून 'कुलनाम' असं वर्णन असलेलंच घ्यायचं. नुसत्या नावाने शोधलं तर १९९६ चा त्याच नावाचा चरित्रपट आणि निःसंदिग्धीकरणाची, म्हणजे एकाच नावाच्या लेखांची यादी देणारी, पानं माणसांच्या रांगेत येऊन बसतात, या अटींनी ती गळतात.

या शोधात काय सुटतं हे तितकंच महत्त्वाचं. ज्या पानावर पी ७३५ आणि पी ७३४ भरलेच नाहीत तो माणूस येत नाही. आयरिश भाषेत 'मीहॉल' असं नाव लिहिणारे येत नाहीत, कारण मीहॉल आणि मायकेल ही विकिडेटावर दोन वेगळी नावं आहेत. 'माइक कॉलिन्स' येत नाही. त्यामुळे हा निकाल म्हणजे पूर्ण यादी समजू नये. नावाचा नुसता मजकूर जुळवून सगळ्या माणसांत शोधायचा प्रयत्न केला तर प्रश्न ६० सेकंदांत तुटतो, ती सर्व्हरची मर्यादा आहे आणि पुन्हा पुन्हा दाबून ती वाढत नाही. अटी वाढवून शोध आखूड करायचा, इतकंच हातात आहे.

एखाद-दुसरं नाव असेल तर वरची पद्धत पुरे. पण संग्रहातली दोन-तीन हजार नावं लावायची असतील तर ओपनरिफाइन हे तक्ते साफ करायचं सॉफ्टवेअर लागतं आणि विकिडेटाची खरी ताकद तिथे दिसते. तेही फुकट आहे, आपल्याच संगणकावर चालतं, ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ या पत्त्यावर ३३३३ क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं. एक्सेलचा तक्ता आत घ्यायचा, नावाच्या रकान्यावर जाऊन 'रिकन्साइल', म्हणजे जुळवणी, निवडायचं, सेवा विकिडेटाची, प्रकार 'मानव'. सेवेच्या पत्त्यात इंग्रजीच्या जागी मराठीचा भाषासंकेत घातला तर मराठी लेबलांवर, म्हणजे पानाच्या मराठी नावांवर, जुळवणी होते, पण परदेशी नावांसाठी इंग्रजीच ठेवावी.

जुळवणीआधी तीन गोष्टी साफ करून घ्यायच्या. एक, तालिकेतलं 'कॉलिन्स, मायकेल' उलटं करून 'मायकेल कॉलिन्स' करायचं, स्वल्पविरामावर तोडून क्रम फिरवला की झालं. उलट्या नावाने गुण कमी पडतात आणि चांगले उमेदवार खाली जातात. दोन, जन्मवर्षाचा वेगळा रकाना करायचा आणि तो देवनागरी आकड्यांत असेल तर इंग्रजी आकड्यांत बदलायचा. तीन, नावामागचे 'सर', 'डॉ.', 'संपा.' काढून टाकायचे. मग जुळवणीच्या खिडकीत जन्मवर्षाचा रकाना जोडताना गुणधर्म नुसता पी ५६९ न देता त्यापुढे 'ॲट'ची खूण आणि इंग्रजीत 'इयर' असं लिहायचं, म्हणजे फक्त वर्षाची तुलना होते. हे राहिलं तर '१९३०' आणि '३१ ऑक्टोबर १९३०' नीट जुळत नाहीत आणि अंतराळवीर हाताशी असून निसटतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. प्रत्येक नावाखाली उमेदवार निळ्या अक्षरांत येतात आणि प्रत्येकापुढे दोन खुणा असतात: एक एकेरी टिक, एक दुहेरी. एकेरी टिक फक्त त्या खान्यापुरती. दुहेरी टिक त्या रकान्यात तसंच लिहिलेल्या प्रत्येक खान्याला लागू होते. एरवी दुहेरी टिक वेळ वाचवते, एकाच लेखकाच्या वीस पुस्तकांना एका क्लिकमध्ये क्रमांक मिळतो. पण समान नावांवर ती घातक आहे. एका ओळीवर अंतराळवीर बघून दुहेरी टिक दाबली की कराराच्या इतिहासाचं पुस्तक आणि रहस्यकथा दोन्ही अंतराळवीराच्या नावावर जातात, आणि स्क्रीनवर तेव्हा काहीच वेगळं दिसत नाही. शिवाय जुळवणी सुरू करताना 'खात्रीचे उमेदवार आपोआप जुळवा' ही चौकट टिक केलेली येते, ती काढावी. नुसत्या नावावर जुळवणी केली तर सगळ्याच मायकेल कॉलिन्सांना पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात. तिथे गुणांचा आकडा काहीच सांगत नाही.

चूक झालीच तर डावीकडे 'अनडू' पट्टी आहे, मागच्या कुठल्याही पायरीवर जाता येतं. हे ओपनरिफाइनचं फार मोठं मोल आहे. तालिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकं सहज मागे जाता येत नाही, म्हणून सगळी साफसफाई इथेच संपवून मगच माहिती आत न्यावी.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडं अधिक. अथॉरिटी नोंदीत, म्हणजे नावाचं प्रमाण रूप ठरवणाऱ्या नोंदीत, क्यू-क्रमांक ०२४ क्षेत्रात जातो, पहिला निर्देशक ७, 'ए' उपक्षेत्रात क्रमांक आणि '२' उपक्षेत्रात स्रोताचं नाव. आयएसएनआय घालायचा असेल तर त्याचे १६ अंक मोकळ्या जागा काढून लिहायचे, शेवटचं स्थान कधी कधी 'एक्स' असतं, ती टंकनाची चूक समजून काढू नये, तो तपासअंक आहे. नामशीर्षक १०० मध्ये, वर्षं 'डी' उपक्षेत्रात. ही वर्षं कुठून घेतली ते ६७० मध्ये लिहावं, आणि तिथे 'विकिडेटा' एवढंच लिहून थांबू नये. विकिडेटावर त्या तारखेला जो संदर्भ दिलेला आहे तो बघून तो लिहावा. संदर्भ म्हणून नुसतं 'इंग्रजी विकिपीडियातून आयात' असं असेल तर ती तारीख कच्ची समजायची आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंवा शीर्षकपृष्ठाच्या मागे पडताळायची.

कोहातच एक सेटिंग आहे, लिंकरमॉड्यूल. पुस्तकाची नोंद साठवताना लेखकाचं नाव कुठल्या अथॉरिटीशी जोडायचं हे ती ठरवते. 'डिफॉल्ट' ठेवलं तर तंतोतंत एकच जुळणारी नोंद असेल तेव्हाच जोडणी होते. 'फर्स्ट मॅच' ठेवलं तर जी पहिली सापडेल तिला जोडून मोकळं होतं. समान नावांच्या संग्रहात 'फर्स्ट मॅच' कधीही ठेवू नये. आपण विकिडेटावरून कितीही काळजीने क्रमांक आणले तरी नव्या पुस्तकाची नोंद वर्षाशिवाय केली की ती हव्या त्या कॉलिन्सला चिकटेल याची खात्री राहत नाही.

मराठीच्या बाजूने बघितलं तर सेवा अजून तोकडी आहे, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. मराठी लेबल नसलेली पानं पुष्कळ आहेत, तिथे इंग्रजी नावच दिसतं. लेबल असलं तरी वर्णन नसतं, त्यामुळे मराठीतून शोधल्यावर एकाखाली एक तीन 'मायकेल कॉलिन्स' दिसू शकतात, बाकी काही नाही. विकिडेटाचा नियम असा की एकाच भाषेत नाव आणि वर्णन यांची जोडी दोन घटकांना तीच देता येत नाही. पण वर्णन रिकामं असेल तर हा नियम लागत नाही. म्हणून ज्यांच्याकडे लेबल आहे त्यांना वर्णन देणं हे सगळ्यात पहिलं काम. वर्णन आखूड हवं आणि भेद करणारं हवं: 'आयरिश क्रांतिकारक नेता (१८९०-१९२२)', 'अपोलो ११ मोहिमेतील अमेरिकन अंतराळवीर', 'लिमरिकमध्ये जन्मलेला आयरिश कादंबरीकार'. 'प्रसिद्ध', 'थोर' असली विशेषणं घालू नयेत, ती काढून टाकली जातात आणि त्यांनी माणूस वेगळाही होत नाही.

शुद्धलेखनाचे पर्याय 'या नावानेही ओळख' या जागेत भरावेत: मायकल कॉलिन्स, मायकेल कोलिन्स. मराठीत परदेशी नाव एकाच प्रकारे लिहिलं जाईल ही आशा धरू नये. त्यापेक्षा अवघड आहे ते डोळ्यांना न दिसणारं वेगळेपण. 'जेरी ॲडम्स' हे नाव घ्या. यातला 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. जुन्या नोंदींत तो 'अ' आणि वरचं चंद्रचिन्ह अशा दोन तुकड्यांत टंकलेला असतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण संगणकाला दोन वेगळी नावं, शोधात एक सापडतं आणि दुसरं हुकतं, अकारविल्हे यादीतही ती लांब लांब पडतात. संग्रह ओपनरिफाइनमध्ये आलाच आहे तर शोधा-आणि-बदला करून सगळीकडे एकसंध 'ॲ' करून घ्यावा. 'ऱ्य' आणि 'र्‍य' यांतही दोन प्रकारचं टंकन असतं, तेही त्याच फेरीत.

आयरिश नावांचं आणखी एक खास दुखणं म्हणजे 'ओ'पुढची खूण. आयर्लंडच्या केविन ओ'ब्रायनने २ मार्च २०११ रोजी बंगळुरूत इंग्लंडविरुद्ध ५० चेंडूंत विश्वचषकातलं तेव्हाचं सर्वांत वेगवान शतक केलं, त्यामुळे क्रिकेटच्या पुस्तकांत तो हमखास येतो. त्याचं आडनाव कुठे सरळ खुणेने, कुठे वळलेल्या खुणेने, कुठे जागा सोडून, कुठे 'ओब्रायन' असं सलग लिहिलेलं असतं. डेरेक ओब्रायन यांचं नाव आपल्या वर्तमानपत्रांत बहुधा सलगच असतं. वर्डमध्ये टंकलेली यादी असेल तर सरळ खूण आपोआप वळलेली होते, हे मूळ कारण. तालिकेत सरळ खूण ठरवून टाकावी आणि बाकीची रूपं ४०० क्षेत्रात द्यावीत. मग वाचकाने काहीही टंकलं तरी पुस्तक मिळतं.

व्हीआयएएफशी तुलना केल्याशिवाय हे पुरं होत नाही, कारण बऱ्याच ग्रंथपालांना तेच ठाऊक असतं. तिथे देशोदेशींच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामनोंदी संगणक एकत्र गुंफतो, ओसीएलसी ही ग्रंथालयांची संस्था ते चालवते. नोंदी मुळात ग्रंथपालांनी केलेल्या, त्यामुळे ग्रंथनामांचा आधार भक्कम. पण गुंफण यंत्राची असल्याने जिथे वर्ष नाही तिथे एकाच लेखकाचे दोन गठ्ठे होतात किंवा दोन लेखक एका गठ्ठ्यात जातात, आणि ते आपल्याला स्वतः दुरुस्त करता येत नाही, कळवून वाट बघावी लागते. विकिडेटावर चूक दिसली की तिथल्या तिथे सुधारता येते. एका पानावर दोन व्हीआयएएफ क्रमांक आणि शेजारी उद्गारचिन्ह दिसलं तर दोन शक्यता असतात: एक तर तिकडे गठ्ठे फुटलेत, नाहीतर इकडे दोन माणसं एका पानात शिरलीत. दोन्ही क्रमांक उघडून ग्रंथनामं बघितली की उलगडतं.

दोन माणसं शिरलेली असतील तर नवं पान काढून एकाची विधानं तिकडे हलवायची आणि मग दोन्ही पानांवर पी १८८९, म्हणजे 'याहून वेगळा', हा गुणधर्म परस्परांकडे बोट दाखवणारा घालायचा. या गुणधर्माचा एक ठोस फायदा आहे. उद्या कुणी उत्साहाने ती दोन पानं एकत्र करायला गेलं तर एक पान दुसऱ्याचा उल्लेख करतं म्हणून एकत्रीकरण अडतं. कॉर्कच्या दोन राजकारण्यांसारख्या जोड्यांना हे हवंच.

मोबाइलवर हे काम करायला जाऊ नये, गैरसोय फार होते. संगणकावर खातं उघडून भाषा मराठी करावी, आपल्या सदस्यपानावर बॅबेल या येणाऱ्या भाषा सांगायच्या चौकटीत मराठी, हिंदी, इंग्रजी लिहावं, म्हणजे प्रत्येक पानावर तिन्ही भाषांचे रकाने एकाखाली एक उघडतात आणि मराठी लेबल भरायला वेगळं कुठे जावं लागत नाही.

संग्रह निव्वळ मराठी ललित पुस्तकांचा असेल, लेखक वडिलांच्या नावासकट नोंदलेले असतील, तर एवढा खटाटोप आता लगेच करायची गरज नाही, टोपणनावांचे दुवे नीट असले म्हणजे पुरे. इंग्रजी पुस्तकं, कात्रणं, क्रीडा आणि चरित्रं यांचा संग्रह असेल तर करावा, आणि सुरुवात लेखकांपासून न करता चरित्रनायकांपासून करावी. लेखकाचं नाव निदान मुखपृष्ठावर असतं, पुस्तक हातात घेतलं की पडताळता येतं. विषय म्हणून आलेला मायकेल कॉलिन्स कोणता हे मात्र विषय-व्यक्तीच्या ६०० क्षेत्रात वर्ष आणि क्रमांक नसेल तर पुस्तक उघडून चाळल्याशिवाय कळत नाही. कात्रणांच्या पेटीत तर बातमीची तारीख हाच एक धागा असतो: १९६९ च्या कात्रणाला अंतराळवीर, १९२१-२२ च्या कात्रणाला क्रांतिकारक, आणि १९९६ नंतरच्या चित्रपटविषयक कात्रणाला विषय म्हणून क्रांतिकारकाबरोबर चित्रपटाचा स्वतंत्र क्यू-क्रमांकही.